अळीची अळीच राहिली ना?

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. परभणी जिल्ह्यातल्या मामांच्या रानात दुसरी वेचणी चालू होती. मामांनी पऱ्हाटीचं एक हिरवंगार बोंड तोडून माझ्या हातात दिलं. बाहेरून ना छिद्र, ना डाग. "फोड बरं," म्हणाले. नखानं पाकळी उचकटली तर आतला कापूस पिवळट आणि गोळा झालेला. एका सरकीला दुसरी सरकी चिकटलेली, आणि त्या जोडसरकीच्या पोटात एक गुलाबी अळी अंग आखडून बसलेली.

"पुड्यावर बीटी लिहिलंय. हे खाल्लं की अळी मरती म्हणून सांगितलं होतं. पहिले काही वर्षं मरलीबी. आता मरंना गेली. ह्यालाच तू उत्क्रांती म्हणतीस न?"

"हो मामा, ह्यालाच."

"बरं. पण अळीची अळीच राहिली न? तिचं दुसरं काय झालं?"

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि तो अगदी रास्त आहे. पुस्तकात एका पानावर औषधाला न जुमानणारे डास असतात आणि पान उलटलं की मासे जमिनीवर आलेले असतात, डायनोसॉरांचे पक्षी झालेले असतात. दोन पानांच्या मध्ये काय घडलं, ते मुलांनी गृहीत धरायचं. मला वाटतं, खरा विषय त्या दोन पानांच्या मधलाच आहे.

ह्या दोन पानांना नावं दिली युरी फिलिपचेन्को ह्या रशियन शास्त्रज्ञाने, १९२७ साली. एका जातीच्या आत, थोड्या पिढ्यांत होणारा बदल म्हणजे सूक्ष्म उत्क्रांती. नव्या जाती, नवे गट, नवी शरीररचना घडवणारा आणि लाखो-कोटी वर्षं चालणारा बदल म्हणजे स्थूल उत्क्रांती. ह्या दोहोंची कारणंच वेगळी आहेत असं त्यांचं मत होतं, म्हणजे मामांच्याच बाजूचं. त्यांच्याच हाताखाली काम केलेले थिओडोसियस डोब्झान्स्की पुढे अमेरिकेत गेले आणि १९३७ साली त्यांनी मांडलं की मोठ्या बदलाकडे जायची वाट लहान बदलांतूनच शोधावी लागेल. वाद तिथे मिटला नाही, पण वाट मात्र सापडत गेली.

आधी अळीचं बघू. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. त्याचं एक प्रथिन अळीच्या आतड्याला भोकं पाडतं. ह्या प्रथिनाचा जनुक घातलेल्या कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली आणि २००६ साली अशी दोन प्रथिनं असलेलं वाण आलं. पहिल्या प्रथिनाला काम करायचं तर आधी आतड्याच्या पेशीवरच्या कॅडहेरिन नावाच्या रेणूला चिकटावं लागतं. प्रथिन किल्ली, कॅडहेरिन कुलूप. एखाद्या अळीचं कुलूपच जन्मतः बिघडलेलं असेल तर किल्ली फिरत नाही आणि अळी जगते.

गावात म्हणतात, "अळीला सवय झाली." सवय कुठल्याच अळीला होत नाही. जिचं कुलूप शाबूत ती मरते, जिचं बिघडलेलं ती वाचते. बिघाड आधीपासूनच असतो, फक्त फार विरळ. समजा, हजारात एका प्रतीत हा बिघाड आहे. अळीला प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते, आणि वाचायचं तर दोन्ही प्रती बिघडलेल्या हव्यात. हजारातला एक गुणिले हजारातला एक, म्हणजे दहा लाखांत एक अळी. इतक्या विरळ अळीचा पतंग आपल्यासारखाच जोडीदार कुठून शोधणार? आजूबाजूला साधे पतंग भरपूर असतील तर त्याची जोडी साध्या पतंगाशीच जमते, पिल्लांना एक चांगली प्रत मिळते आणि ती बीटी खाऊन मरतात. बियाण्याबरोबर १२० ग्रॅम बिगर बीटीचं पाकीट येत होतं ते ह्याच हिशोबाने. आपण त्याला रेफ्युजी म्हणायचो. रानाच्या कडेने ते पेरलं की साधे पतंग जिवंत राहतात आणि बिघाड पातळ होत राहतो.

ते पाकीट बहुतेकांनी पेरलं नाही. दोन एकरवाल्याने अळीसाठी ओळी राखाव्यात ही अपेक्षा मला तेव्हाही जड वाटली होती, आजही वाटते. शिवाय इथे संकरित वाण. त्याच्या एकाच बोंडात काही सरक्यांत प्रथिन असतं, काहींत नसतं, त्यामुळे अळ्यांना अर्धवट मात्रा मिळत राहिली. वर फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक रानात उभं ठेवलं, की अळीला फेब्रुवारी-मार्चपर्यंत बोंडं मिळतात. व्हायचं ते झालं. २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या प्रथिनाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी सापडली होती, मग दुसऱ्यालाही, आणि २०१७ चा हंगाम आपल्याकडच्या कापूसवाल्यांनी काढला तो डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुलं, मोजत. भारतातल्या अशा अळ्यांचा कॅडहेरिन जनुक तपासला तेव्हा तो एकाच जागी नव्हे, अनेक वेगवेगळ्या जागी तुटलेला निघाला. दुसऱ्या प्रथिनासाठी वेगळाच जनुक तुटलेला होता. वर्षाला चार-पाच पिढ्या धरल्या तर हा सगळा खेळ साठ-सत्तर पिढ्यांत उरकला.

त्याच रानातली हिरवी बोंडअळी इतक्या लवकर निर्ढावली नाही, हेही लक्षात घ्या. तीच हरभऱ्यावर गेली की तिला आपण घाटेअळी म्हणतो, आणि तुरीच्या शेंगाही तीच पोखरते. तुरीवर आणि हरभऱ्यावर तिचे साधे पतंग आपोआप पोसले गेले. गुलाबी अळीला मात्र कपाशीवाचून दुसरं घर जवळजवळ नाही. कोण काय खातं आणि कुठे राहतं ह्यावर बदलाचा वेग ठरतो. हा मुद्दा पुढे फार मोठ्या मोजपट्टीवर पुन्हा भेटणार आहे.

आता मामांचा प्रश्न. इतक्या झपाट्याने बदल होतो, तर अळीचं दुसरं काही का होत नाही?

लहान बदल फार सावकाश होतात आणि कोटी वर्षं साठून मोठे होतात, असं आपल्याला शिकवलेलं असतं. हिशोब करून बघितला तर अडचण नेमकी उलटी निघते. वीस ग्रॅमचा उंदीर घ्या आणि दर पिढीला त्याचं वजन फक्त एक टक्का वाढतंय असं धरा. चक्रवाढ व्याजाचंच गणित. शंभर पिढ्यांनी तो साधारण ५४ ग्रॅमचा होईल. हजार पिढ्यांनी तो ४०० किलोच्या पुढे गेलेला असेल, म्हणजे गोठ्यातल्या म्हशीएवढा! उंदराच्या हजार पिढ्यांना काही शतकं पुरतात, आणि जीवाश्मांची मोजणी लाखो वर्षांत चालते. म्हणजे लहान बदल मंद नाहीत, गरजेपेक्षा कितीतरी वेगवान आहेत. मग जीवाश्मांत अनेक जाती लाखो वर्षं जवळपास तशाच का दिसतात?

ह्याचं उत्तर मी वर्गात विहिरीवरून सांगते. मामांची विहीर त्यांच्या वडिलांनी बहात्तरच्या दुष्काळात खांदली. खोली पन्नास फूट. जूनमध्ये तळ दिसतो आणि चांगला पाऊस झाला तर सप्टेंबरपर्यंत पाणी चाळीस फूट वर येतं. तीन महिन्यांत चाळीस फूट! हाच वेग कायम धरला तर पन्नास वर्षांत पाणी आठ हजार फूट चढायला हवं, म्हणजे कळसूबाईच्याही वर. तसं होत नाही, कारण मे महिना येतो आणि चढलेलं पाणी उतरतं. तीन महिन्यांनी मोजाल तर वेग प्रचंड दिसेल आणि पन्नास वर्षांनी मोजाल तर जवळजवळ शून्य. पाणी तेच, विहीर तीच.

फिलिप जिंजरिच ह्या जीवाश्मतज्ज्ञाने १९८३ साली नेमकं हेच दाखवलं. प्रयोगशाळेपासून जीवाश्मांपर्यंतचे उत्क्रांतीचे वेग त्यांनी एकत्र मांडले. जितक्या मोठ्या काळावर मोजावं तितका वेग कमी दिसत होता. पाणी चढतं-उतरतं ते प्रत्यक्ष बघायचं तर प्रशांत महासागरातल्या गॅलापागोसच्या डॅफ्नी मेजर बेटावर जावं. पीटर आणि रोझमेरी ग्रांट हे दांपत्य १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होतं. १९७७ साली तिथे दुष्काळ पडला, बारीक बिया संपल्या, जाड आणि टणक तेवढ्या उरल्या. मोठ्या चोचीवाले जगले, बाकीचे बहुतेक मेले, आणि पुढच्या पिढीची चोच जाड निघाली. मग १९८२-८३ ला धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं, आणि वारं फिरून लहान चोचींच्या बाजूने वाहू लागलं. दुष्काळ आणि ओला दुष्काळ ह्यांच्यात हेलपाटणारं जिणं मराठवाड्याला वेगळं समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे आपण ज्या बहात्तरच्या दुष्काळावरून वर्षं मोजतो, त्याच १९७२ साली नाइल्स एल्ड्रेज आणि स्टीफन जे गुल्ड ह्या दोघांनी मांडलं की जीवाश्मांतला हा ठहराव म्हणजे नोंदीतली खोट नव्हे, ती खरी गोष्ट आहे. जाती दीर्घकाळ स्थिर राहतात आणि बदल बहुधा नवी जात फुटताना एकवटतो. त्यावर पुष्कळ भांडणं झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शरीराच्या आकाराच्या नोंदी तपासल्या गेल्या. साधारण दहा लाख वर्षांपर्यंत आकार एका मर्यादेत हेलकावे खात राहतो, असं चित्र दिसलं. टिकून साठत जाणारे मोठे बदल दिसतात ते त्याच्या पुढे.

मामांच्या विहिरीचंही पुढे तसंच झालं. चौफेर बोअर झाल्या, तेव्हापासून पाणी खाली गेलं ते गेलंच. आता चांगल्या पावसातही विहीर पंधरा फुटांच्या वर येत नाही. हेलकावे आहेत, पण त्यांचा मध्यच खाली सरकलाय. जीवांच्या बाबतीत असा मध्य कशाने सरकतो आणि सरकलेला तिथेच कसा टिकतो? लहान आणि मोठ्या उत्क्रांतीला जोडणारा सांधा हाच आहे, आणि त्याचा सगळ्यात ढळढळीत पुरावा अळीत नसून ती जिच्या पोटात बसली आहे त्या कपाशीत आहे.

मामांच्या लहानपणी ह्या रानात गावरान कपाशी असायची. परभणीच्या महेबूब बागेतल्या संशोधन केंद्रात अशा देशी कपाशीवर काम चालू आहे. तिच्या पेशीत २६ गुणसूत्रं, म्हणजे जनुकांच्या माळा. आज सगळीकडे दिसणारी अमेरिकन कपाशी वेगळ्या जातीची, तिच्यात ५२, बरोबर दुप्पट. हा योगायोग नाही. साधारण दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी, माणूस शेती करू लागण्याच्या कितीतरी आधी, आपल्या देशी कपाशीच्या भावकीतलं एक झाड अमेरिका खंडात पोचलं. त्याच्या सरक्या समुद्रावरून वाहत गेल्या असाव्यात. तिथल्या एका रानकपाशीशी त्याचा संकर झाला. दोघांचीही गुणसूत्रं २६.

एरवी असा संकर वांझ निघतो. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराला येतात ६३. बीजपेशी बनताना गुणसूत्रांनी जोडीनं उभं राहायचं असतं. खेचरात जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचराला पिल्लू होत नाही. त्या संकरित कपाशीचंही तेच व्हायचं. पण पेशीविभाजनातल्या चुकीने तिची सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली. आता प्रत्येकाला स्वतःसारखाच जोडीदार मिळाला, झाड फळलं, आणि त्याच झटक्यात ते आपल्या दोन्ही आईबापांपासून तुटलं. देशी कपाशीशी तिचा संकर केला तर ३९ गुणसूत्रांचं झाड येतं आणि ते पुन्हा वांझ. जे. ओ. बीस्ली ह्या अमेरिकन संशोधकाने देशी कपाशी आणि अमेरिकन रानकपाशी ह्यांचा संकर घडवून, त्याची गुणसूत्रं औषधाने दुप्पट करून १९४० साली ही वाट पुन्हा चालून दाखवली.

ह्यात नवं काय घडलं बघा. संकर, पेशीविभाजनातली चूक, उत्परिवर्तन म्हणजे जनुकात अचानक झालेला बदल, निवड, ह्या सगळ्या एका झाडात, एका शिवारात घडणाऱ्या लहान गोष्टी. पण वांझपणाचं कुलूप लागलं आणि आत साठलेलं भांडवल परत बाहेर जाऊन पातळ होण्याची सोय संपली. रेफ्युजीच्या ओळी जे काम करतात त्याच्या अगदी उलट. तिथे साध्या पतंगांशी मिसळून बिघाड पातळ होतो, इथे मिसळण्याचं दारच बंद. डग्लस फुतुयमा ह्या शास्त्रज्ञाने १९८७ साली हा विचार नेमकेपणाने मांडला: जातीच्या आतले बदल स्थानिक असतात, मिसळणीत पुसले जातात, आणि नवी जात वेगळी झाली की ते टिकतात. अमेरिकेतल्या त्या रानकपाशीला सूत काढण्याजोगा धागाच नव्हता. तरी तिच्या आणि लांबच्या पाहुणीच्या वारसांत पुढे जो धागा झाला तो दोघींपेक्षा लांब आणि बळकट, आणि त्या एका संकरातून आज निदान सात जाती पसरल्या आहेत.

बहुतेक प्राण्यांत हे कुलूप असं खटकन लागत नाही. डोंगर, नदी, समुद्र मध्ये येतो, दोन्हीकडचे आपापल्या वाटेने बदलत राहतात आणि हजारो-लाखो वर्षांनी भेटले तर जुळत नाहीत. घोडा आणि गाढव ह्यांचं खेचर होतं पण त्याला पिल्लू होत नाही, हे कुलूप नुकतंच लागल्याचं लक्षण.

म्हणून मामांना मी म्हटलं, "अळीची अळी राहिली, कारण अजून कुलूप लागलेलं नाही, आणि काळही जेमतेम वीस वर्षांचा आहे." मामा म्हणाले, "मग कुलूप लागून खरंच दुसरं काही झालेलं दाखव." तेही दाखवता येतं, आणि त्यासाठी परदेशी जायला नको. जम्मूतल्या कालाकोट भागात साधारण ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या खडकात इंडोहायस नावाचा प्राणी सापडतो. खूर असलेला, आपल्या जंगलातल्या पिसोरीसारखा, म्हणजे इवल्याशा हरणासारखा. पण त्याच्या कानाचं हाड देवमाशाच्या कानासारखं एका बाजूला जाड आहे आणि पायांची हाडं पाण्यात वावरणाऱ्यासारखी वजनदार, असं २००७ साली दाखवलं गेलं. कच्छात त्याच्यानंतरच्या काळातला कच्छिसिटस मिळाला, आखूड पायांचा आणि लांब शेपटीचा, पाणमांजरासारखा. ४ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत पूर्ण समुद्रात राहणारे देवमासे झालेले होते, मागचे इवलेसे पाय अजून शिल्लक असलेले. हे एकमेकांचे आजोबा-नातू नव्हेत, भावकी म्हणा. प्रत्येक टप्प्यावरचा प्राणी आपल्या काळात नीट जगत होता. जमिनीवरच्या खुरापासून समुद्रापर्यंतचं अंतर कापलं गेलं ते एक कोटी वर्षांच्या आत.

एवढं झालं तरी हिशोब पुरा होत नाही. कोण बदललं ह्याच्या इतकंच कोण उरलं ह्यालाही महत्त्व आहे. त्यासाठी मामांना विहिरीकडे नेलं.

विहिरीत वाकून बघा. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण, मग हातभर तांबडा पट्टा, आणि त्याच्याखाली पुन्हा काळा पाषाण. पाषाणाचा प्रत्येक थर म्हणजे एकेकाळी वाहत आलेला लाव्हा. मधला तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधली उसंत, जेव्हा वरच्या खडकाची झीज होऊन माती बनली. वेरूळ-अजिंठ्याची लेणी कोरली गेली ती ह्याच दगडात. नांदेडच्या आग्नेयेला देगलूर-बिलोलीकडे तो संपून ग्रॅनाइट लागतो, बाकी मराठवाडा जवळजवळ सगळा त्याच्यावर बसलाय. हा लाव्हा मुख्यतः ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे, दहा लाखांहून कमी वर्षांत ओतला गेला. त्याच सुमारास मेक्सिकोत चिक्शुलूबला मोठा अशनी आदळला. पृथ्वीवरच्या चारपैकी साधारण तीन जाती संपल्या, पक्षी सोडून सगळे डायनोसॉर गेले. अशनीचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, ह्यावर अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर मुख्य घाव अशनीचा.

अशा वेळी लहान उत्क्रांतीने कमावलेलं कामाला येतंच असं नाही. डेव्हिड जॅब्लॉन्स्की ह्यांनी १९८६ साली त्या काळातले समुद्री शिंपले-गोगलगायी तपासल्या. एरवीच्या काळात ज्या गुणांमुळे वंश टिकायचे, उदाहरणार्थ पुष्कळ जाती असणं किंवा प्रत्येक जातीचा पसारा मोठा असणं, ते गुण महासंहारात कामी आले नव्हते. उपयोगी पडली ती एकच गोष्ट: सगळा वंश मिळून जगभर पसरलेला असणं. हिरव्या बोंडअळीला तुरी-हरभऱ्याने तारलं, तिथेही कोण कुठे पसरलंय हाच प्रश्न होता. फक्त तिथे मोजणी एका शिवारात होती, इथे अख्ख्या पृथ्वीवर. नियम ज्या पातळीवर चालतो ती पातळी बदलली. मोठी उत्क्रांती लहानीच्याच विटांनी बांधली जाते, पण कुठली भिंत उभी राहील हे विटांकडे बघून सांगता येत नाही.

मामा बराच वेळ तांबड्या पट्ट्याकडे बघत उभे होते. "मग तवा हितं जित्तं काय होतं?"

लाव्ह्याच्या दोन लोटांमध्ये तळी साचत, त्यांच्याभोवती झाडी वाढे. शेजारच्या तेलंगणात नस्कल गावाजवळ अशा तळ्याच्या गाळात एका सस्तन प्राण्याचे दात मिळाले, एकेक दात जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. अशोक साहनी आणि जी. व्ही. आर. प्रसाद ह्यांनी १९८८ साली त्याची नोंद केली, नाव दख्खनवरूनच दिलं, डेक्कनोलेस्टिस. चिचुंद्रीएवढा जीव. डायनोसॉर अजून होते तेव्हाचा.

"ह्या तांबड्यात घावंल का तसलं?"

"ह्यात नाही मामा. तळ्याचा गाळ लागतो. पांढुरका, पापुद्रे सुटणारा दगड, काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये."

मामांनी खिशातला फोन काढला आणि वस्तीवरच्या पोराला लावला. पलीकडच्या रानात त्या आठवड्यात बोअरची गाडी येणार होती. "काळ्या पाषाणाच्या मधी पांढरं, पापुद्र्याचं काही वर आलं तर फेकू नका म्हणावं," ते सांगत होते. "थैलीत भरून ठिवा."